नांदूर मध्यमेश्वरचे हिवाळी पाहुणे आणि काठचा शेतकरी

रब्बीची पेरणी आटोपून गहू व हरभरा जमिनीवर दिसू लागला की निफाड तालुक्यातील गोदाकाठी दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. ऑक्टोबरपासून त्यांची आवक सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत त्यांची संख्या सर्वाधिक असते आणि मार्च अखेरपर्यंत बहुतेक पक्षी परत जातात. म्हणजे रब्बी पिकाचा जो हंगाम, तोच या पाहुण्यांच्या मुक्कामाचा हंगाम होय. साहजिकच काठचा शेतकरी त्यांच्याकडे साशंक नजरेने पाहतो. हे पक्षी पीक खातात काय, त्यांच्यापासून शेतीस काही लाभ होतो काय आणि त्यांना हाकलावयाचे झाल्यास ते कसे, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे ऐकीव माहितीवर न सोडता प्रत्यक्ष पाहून मिळविणे इष्ट होय. नांदूर मध्यमेश्वर जलाशयाची हिवाळ्यातील एक सकाळ त्यासाठी पुरेशी आहे.

जलाशय कसा निर्माण झाला

नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम आहे. या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश अमदानीत, गोदावरीवर दगडी बंधारा बांधण्यात आला. दारणा धरणातून सोडलेले पाणी नदीतून खाली येते, या बंधाऱ्यात अडविले जाते आणि तेथून निघणाऱ्या गोदावरी डाव्या व उजव्या कालव्यांत वळविले जाते. हे कालवे नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेतीस पाणी देतात. बंधारा बांधणाऱ्यांचा हेतू केवळ सिंचनाचा होता. त्या योजनेत पक्ष्यांचा विचार कोठेही नव्हता.

तथापि नदीचा वेग मंदावला की तिच्या पाण्यातील माती तळाशी बसते, हा निसर्गाचा नियम आहे. दर पावसाळ्यात गोदावरी, दारणा व कादवा यांच्या खोऱ्यांतून वाहून आलेली माती येथे साचत गेली. पाणी उथळ झाले, मध्ये गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर लव्हाळी, पाणकणीस व देवबाभूळ वाढली आणि पाण्यात शेवाळ, पाणवनस्पती, गोगलगाई, कीटक व मासळी यांची समृद्धी झाली. सह्याद्रीच्या आडोशामुळे पाऊस कमी पडणाऱ्या या कोरड्या प्रदेशात असे अन्नाने भरलेले उथळ पाणी मिळताच पक्षी तेथे न आले तरच नवल. येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. १९८६ साली शासनाने हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित केला.

इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ पासून त्याचा सदस्य आहे. या करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी ठेवली जाते, तीत नांदूर मध्यमेश्वरच्या १,४३७ हेक्टर क्षेत्राचा जून २०१९ पासून समावेश झाला व त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. हा मान मिळविणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

पाहणीस जाताना

गावातील शेतकऱ्यांना पाहणीस न्यावयाचे असल्यास जानेवारी महिना उत्तम. चापडगावच्या बाजूस निरीक्षणासाठी मनोरे उभारलेले आहेत. सूर्योदयाच्या सुमारास तेथे पोहोचणे आवश्यक आहे. रात्री शेतांत चरावयास गेलेले पक्षी या वेळी पाण्यावर परततात आणि पाण्यातील पक्षी चरू लागतात. निफाडच्या थंडीचा लौकिक सर्वांस ठाऊक आहेच. काही वर्षी कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रात तपमान ५ अंशांच्याही खाली गेल्याची नोंद होते. तेव्हा उबदार कपडे घ्यावेत, परंतु ते मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. एका वेळी आठ-दहांहून अधिक माणसे मनोऱ्यावर नसावीत. मोठ्याने बोलणे, टाळ्या वाजविणे, दगड मारून थवा उडविणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी पुन्हा पुन्हा उठविला गेल्यास परतीच्या प्रवासासाठी साठविलेली त्याची शक्ती व्यर्थ खर्ची पडते. परिसरातील काही तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात, त्यांचे साहाय्य अवश्य घ्यावे. दुर्बीण नसली तरी काठाजवळचे बरेच पक्षी साध्या डोळ्यांनी ओळखता येतात.

पाण्याची खोली आणि पक्षी

नवख्या माणसास प्रथम सर्व पक्षी सारखेच वाटतात. परंतु कोणता पक्षी किती खोल पाण्यात आहे, एवढे पाहिले तरी ओळख सोपी होते. कारण प्रत्येकाची चोच व पाय ठरावीक खोलीतील अन्न मिळविण्याजोगे असतात.

मध्यभागी, जेथे पाणी खोल आहे तेथे, लालसरी जातीची बदके बुडी मारून तळाचे कंद व पाणवनस्पती खातात. तेथेच काळ्या अंगाचे, कपाळावर गंध लावल्याप्रमाणे पांढरा ठिपका असलेले वारकरी पक्षी शेकड्यांनी तरंगताना दिसतात. त्यांचेही मुख्य अन्न पाणवनस्पती हेच होय.

हातभर खोल पाण्यात न बुडणारी बदके असतात. ती डोके पाण्यात व शेपूट वर करून चरतात. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, भुवईवर पांढरा पट्टा असलेले भुवई बदक आणि गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच असलेले थापट्या ही त्यांतील सहज ओळखता येणारी नावे. थापट्याच्या चोचीच्या कडांना गाळणीप्रमाणे दाते असतात. तो पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव व बिया टिपतो. ही सर्व मध्य व उत्तर आशियाकडून येणारी मंडळी आहेत. त्यांच्या सोबतीस वावरणारे, पिवळ्या टोकाच्या चोचीचे व तिच्या मुळाशी तांबडे ठिपके असलेले हळदी-कुंकू बदक मात्र आपल्याकडील बारमाही रहिवासी आहे.

गुडघाभर पाण्यात चित्रबलाक, चमचा व राखी बगळा उभे असतात. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून मासळी व किडे पकडतो. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये फट असते व तो मुख्यत्वे गोगलगाई खातो. पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यात तांबड्या लांब पायांचे शेकाटे व ओल्या चिखलात पाणलावे, तुतारी व धोबी हे लहान पक्षी किडे वेचीत असतात.

काठाच्या गवतावर तांबूस पिवळ्या रंगाच्या चक्रवाकांच्या जोड्या आणि क्वचित डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले कादंब हंस दिसतात. हे हंस तिबेट, मंगोलिया व लडाखकडील सरोवरांच्या काठी घरटी करतात आणि हिमालय ओलांडून दक्षिणेस येतात.

अशा रीतीने एकाच जागी उभे राहून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. जलाशयातील बहुसंख्य पक्ष्यांचा शेतातील पिकाशी संबंध येत नाही. ते पाण्यातीलच वनस्पती, किडे, गोगलगाई व मासळी यांवर जगतात. पिकाच्या नुकसानीचा विचार करताना या सर्वांना प्रथम वेगळे काढले पाहिजे.

शेतात उतरणारे पक्षी

मग शेतात कोण उतरते? कादंब हंस रात्री व पहाटे गहू-हरभऱ्याचे कोवळे कोंब खुडतात. क्रौंच पक्षी काढणीनंतर शेतात राहिलेले भुईमुगाचे व धान्याचे दाणे वेचतात. प्रसंगी उभ्या हरभऱ्यातही उतरतात. ज्यांचे शेत अगदी काठाशी आहे त्यांना याचा उपद्रव होऊ शकतो. ही तक्रार खोटी आहे असे कोणी म्हणू नये व ग्रामकार्यकर्त्यांनी ती उडवून लावू नये.

परंतु त्याच शेतात उतरणारे दुसरे पक्षी काय करतात, हेही पाहिले पाहिजे. नांगरामागे चालणारे गाय बगळे उघडे पडलेले किडे व अळ्या टिपतात. डोक्यावर तांबडा डाग असलेला काळा शराटी आपल्या बाकदार चोचीने जमिनीतून हुमणीसारख्या अळ्या ओढून काढतो. पिकावरून खालच्या उंचीने घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी उंदीर, नाकतोडे व टोळ यांचा फडशा पाडतो. रात्री गव्हाणी घुबड हेच उंदीर मारण्याचे काम करते. उसाच्या व गव्हाच्या शेतात उंदरांपासून होणारा नाश ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या दोघांचे मोल वेगळे सांगावयास नको.

सर्वांत बोधप्रद उदाहरण भोरडीचे आहे. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा मैनेच्या कुळातील पक्षी. युरोपच्या आग्नेय भागापासून मध्य आशियापर्यंत तो घरटी करतो व पावसाळ्याच्या उत्तरार्धात मोठमोठ्या थव्यांनी आपल्याकडे येतो. ज्वारीचे कणीस दुधाळ झाले की भोरड्यांचा थवा शेताचे मोठे नुकसान करू शकतो. पूर्वी हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर चढून गोफणीने राखण करावी लागे ती मुख्यत्वे यांच्याचकरिता. पण हाच पक्षी आपल्या विणीच्या प्रदेशात टोळांवर पिले पोसतो, आणि आपल्याकडे हरभऱ्यात उतरतो तेव्हा घाटे अळी वेचून खातो. एकच पक्षी ज्वारीत चोर व हरभऱ्यात राखणदार ठरतो! म्हणून पक्ष्याला मित्र किंवा शत्रू असा कायमचा शिक्का न मारता कोणत्या पिकात, कोणत्या अवस्थेत तो काय खातो, हे पाहूनच उपाय योजावा.

हा विवेक सुटला तर काय होते याचा दाखला चीनने दिला आहे. तेथे १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा देशव्यापी संहार करण्यात आला. चिमण्या गेल्या आणि पिकांवरील किडी बळावल्या. अखेर १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले.

करावयाचे उपाय

हरभऱ्यात घाटे अळीच्या नियंत्रणासाठी पक्ष्यांना बसावयास जागा करून द्यावी. दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून केलेले पक्षीथांबे एकरी २० ते २५ या प्रमाणात पिकाहून थोडे उंच रोवावेत. पेरणीच्या वेळी हरभऱ्याच्या बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळले तर ज्वारीची ताटे आपोआप थांब्यांचे काम देतात. खर्च जवळपास नाही व कीटकनाशकाची एखादी फवारणी वाचू शकते. ज्वारी व गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना मात्र त्या शेतात थांबे ठेवू नयेत.

ज्वारीच्या राखणीसाठी सूर्योदयानंतरचे व सूर्यास्तापूर्वीचे दोन-दोन तास महत्त्वाचे असतात. आवाज करणे, चकचकीत फिती ताणून बांधणे व बुजगावण्याची जागा दोन-तीन दिवसांनी बदलणे हे उपाय योजावेत. जागा न बदलल्यास पक्षी बुजगावण्यास सरावतात. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच सुमारास पेरणी केल्यास दाणे एकाच वेळी भरतात आणि नुकसान एका शेतावर न पडता विभागले जाते. द्राक्षबागेवर जाळी टाकावयाची असल्यास ती ताणून बांधावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात आणि बागेचे रक्षणही नीट होत नाही.

विषाचा वापर नको

धान्यास विष लावून पक्षी मारणे हा सर्वांत घातक मार्ग होय. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा तर आहेच. शिवाय विष हे चोर व राखणदार यांत भेद करीत नाही. विषारी दाण्याने मेलेला पक्षी कुत्रा, घार किंवा घुबड खाते व तेही मरते. पुढच्या हंगामात उंदीर वाढले की त्याची किंमत शेतकऱ्यासच मोजावी लागते.

जाणूनबुजून विष न घालताही हानी होऊ शकते. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या शेतांत उतरणारा एका जातीचा बाज तेथे नाकतोडे खाऊन राहतो. १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारण्यात आले आणि विषारी नाकतोडे खाऊन हे बाज हजारोंच्या संख्येने मेले. जो पक्षी फुकट कीड नियंत्रण करीत होता, तोच कीटकनाशकाने नाहीसा होऊ लागला. त्यानंतर तेथे त्या औषधावर निर्बंध आणावे लागले.

यास्तव पुढील पथ्ये पाळावीत. औषध लावलेले बियाणे मातीआड करावे. बांधावर सांडू देऊ नये. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष बिळात घालून बीळ बुजवावे; दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर व उरलेले आमिष गोळा करून खोल पुरावे. फवारणीचा पंप नदीत, कालव्यात किंवा बंधाऱ्याच्या पाण्यात धुऊ नये. भारतात फोरेट या दाणेदार औषधाचा वापर २०२० अखेर बंद करण्यात आला आहे. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये.

गाळाचा प्रश्न

पक्ष्यांना जे उथळ पाणी प्रिय आहे, ते शेतकऱ्यास चिंतेचे कारण आहे. गाळ साचला की बंधाऱ्यात पाणी कमी मावते. २०१६ व २०१९ साली ऑगस्ट महिन्यात गोदावरीस महापूर आले आणि चांदोरी, सायखेडा या गावांत पाणी शिरले. बंधाऱ्यातील गाळामुळे पुराचा फुगवटा वाढतो व पाणी लवकर उतरत नाही, असे काठच्या गावांचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूने सर्व गाळ उपसला तर बेटे, दलदल व उथळ पाणी जाऊन पक्ष्यांचे अन्न नाहीसे होईल. कोठला गाळ काढावा व कोठला राखावा, हे जलसंपदा व वन विभागांनी मिळून, पाहणी करून ठरवावयाचे काम आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून कोणीही गाळ किंवा माती उचलू नये.

तथापि एक काम शेतकऱ्याच्या हाती आहे आणि त्यात पक्षी व शेती यांच्या हिताचा विरोध नाही. बंधाऱ्यात साचणारा गाळ म्हणजे वरच्या खोऱ्यातील शेतांची सुपीक माती होय. ती शेतातच अडविली तर शेत सुधारते आणि बंधाराही भरत नाही. उताराला आडवी नांगरणी व पेरणी करावी, बांध दुरुस्त ठेवावेत, ओढ्याच्या व नदीच्या काठी वाळा किंवा अन्य गवताचा पट्टा राखावा, काठापर्यंत नांगर घालू नये. हे उपाय नवे नाहीत. पण प्रत्येक खोऱ्यात सर्वांनी ते केल्याविना त्यांचा परिणाम दिसत नाही.

दुसरे संकट जलपर्णीचे. शहरांचे सांडपाणी व शेतातून वाहून आलेली खते यांमुळे पाण्यात नत्र व स्फुरद वाढते आणि जलपर्णी फोफावते. ती पाणी झाकून टाकते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासळी घटते व बदकांना उघडे पाणी उरत नाही. युरिया एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांनी द्यावा व पाणी पाळीच्या वेळी शेताबाहेर वाहू देऊ नये. काढलेली जलपर्णी फुलावर येण्यापूर्वीची असल्यास ती वाळवून, तुकडे करून, शेण व माती यांच्या थरांत कुजविल्यास चांगले कंपोस्ट होते. काठावरच ढीग टाकून ठेवल्यास पहिल्या पुरात ती पुन्हा पाण्यात जाते.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

१९८७ पासून आशिया खंडात दर वर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना केली जाते. शाळेतील शिक्षक, विद्यार्थी व तरुण शेतकरी यांना अशा गणनेत सहभागी होता येते. त्याबरोबरच काठच्या प्रत्येक गावी एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेस, कोणत्या पिकात, पिकाच्या कोणत्या अवस्थेत, कोणता पक्षी उतरला व अंदाजे किती क्षेत्राचे नुकसान झाले, याची नोंद तीत करावी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी हाती असल्या म्हणजे तक्रारीस वजन येते, कोणत्या शेतास खरोखर राखण हवी ते कळते आणि ज्या पक्ष्यांवर विनाकारण आळ येतो त्यांची सुटकाही होते. नोंद करताना पीक खाणारे व कीड खाणारे असे दोन्ही पक्षी लिहावेत; एकाच बाजूचा हिशेब कामाचा नाही.

दगडी बंधारा शेतीसाठी बांधला गेला आणि पक्ष्यांनी तो आपला मानला. आज तेथील पाणी, माती व अन्न यांवर दोघांचेही जीवन अवलंबून आहे. शेतकरी बंधुभगिनींनी या हिवाळ्यात एक सकाळ सवड काढून नांदूर मध्यमेश्वरास जावे, पाहुण्यांची ओळख करून घ्यावी आणि परत आल्यावर आपल्या बांधावरून माती वाहून जाते काय, हेही त्याच बारकाईने पाहावे.